घरच्या घरी गाडी दुरुस्तीची पेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाव ते तालुक्याचं गॅरेज वीस-पंचवीस किलोमीटर, आणि पेरणीच्या दिवसांत मिस्त्री कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली. अशा वेळी बॅटरीचं सैल टर्मिनल, पंक्चर किंवा उडालेला फ्यूज एवढ्यासाठी गाडी दोन दिवस दारात उभी राहते. ही कामं घरी होतात. त्यासाठी मोजकी हत्यारं लागतात आणि कुठे थांबायचं ते माहीत असावं लागतं. खालची उत्तरं मुख्यतः लहान पेट्रोल गाड्या आणि बोलेरोसारख्या डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

अगदी सुरुवातीला काय घ्यायचं?

आधी डिकी उघडून गाडीसोबत आलेलं सामान तपासा. जॅक, जॅकचा दांडा, चाकपाना आणि ओढण्याचा हूक जागेवर आहे का? जुनी गाडी घेतली असेल तर यातलं एखादं हमखास गायब असतं. स्टेपनीतली हवाही त्याच वेळी पाहा.

त्यानंतर दुतोंडी पान्यांचा आठ नगांचा संच घ्या. यात ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २०-२२ असे पाने येतात. मारुती, ह्युंदाई, टोयोटात १०, १२, १४ आणि १७ हे सगळ्यात जास्त लागतात. टाटा-महिंद्रात १३ सुद्धा. एक अडचण मात्र या संचात असतेच. बोल्टचं डोकं १२ चं आणि मागचा नटही १२ चाच असला, तर एक धरायला आणि एक फिरवायला असे दोन पाने हवेत, आणि संचात १२ चं तोंड एकच असतं. म्हणून १०, १२, १४ आणि १७ चे एका टोकाला रिंग असलेले पाने सुटे घ्या. रिंगचं टोक नटाला चारी बाजूंनी धरतं, त्यामुळे जाम नटावर तेच चालवायचं. उघडं तोंड फक्त सैल झालेला नट भराभर काढण्यापुरतं.

याशिवाय चपटा आणि फुली असे दोन-दोन पेचकस (एक लांब, एक आखूड), साधी पक्कड, टोकदार पक्कड, अर्धा किलोची हातोडी, ॲलन कीचा (सहा कोनी खाचेच्या स्क्रूसाठीच्या वाकड्या किल्ल्यांचा) संच, तारेचा ब्रश आणि डोक्याला बांधायची बॅटरी. हातातली बॅटरी कुणाला तरी धरायला लावावी लागते. रात्री धुऱ्यावर गाडी बंद पडली तर धरणारा कुणी नसतो.

दुकानदार म्हणतो, १०८ नगांची पेटी एकदाच घेऊन टाका. घ्यावी का?

आमचं मत: नको. अशा पेटीतले अर्धेअधिक नग बिट (पेचकसाची सुटी टोकं) आणि इंची मापाच्या गोट्या (सॉकेट) असतात. आपल्याकडच्या आजच्या गाड्यांचे नट मिलिमीटरचे आहेत. ३/४ इंचाची गोटी १९.०५ मिलिमीटरची असल्यामुळे १९ च्या नटावर चालून जाते, पण अर्ध्या इंचाची गोटी होते १२.७ मिलिमीटर. ती १३ वर बसत नाही आणि १२ वर सैल बसून नटाचे कोन खाते. घाईत हाताला तीच लागते.

त्याच पैशात अर्धा इंची चौकोनाचा (दांडा गोटीत अडकतो तो चौकोन, नटाचं माप नव्हे) गोटी पान्यांचा छोटा संच घ्या. त्यात १० ते २४ मापाच्या गोट्या, रॅचेट (गोटी न काढता मागेपुढे हलवून फिरवायचा दांडा), टॉमी (साधा लांब दांडा) आणि एक लांब एक्स्टेन्शन असावं. गोटी सहा कोनी पाहून घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटावरून सटकते. गोटीवर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं असावं, नुसतं चकचकीत पाणी चढवलेलं नको. टपारिया (कारखाना आपल्या नाशिकचा), जेके, एव्हरेस्ट ही नावं तालुक्याच्या हार्डवेअरमध्येही मिळतात. नागपूरला जाणं झालंच तर इतवारीतल्या लोहाओळीत हातात घेऊन पारखता येतं. रॅचेट फिरवून पाहा: दाते बारीक वाजले पाहिजेत आणि उलटसुलट करायची कळ घट्ट बसली पाहिजे.

चाकाचा नट निघतच नाही. पान्यावर उभं राहावं लागतं. असं का होतं?

कारण बसवतानाही कुणीतरी पान्यावर उभं राहिलेलं असतं, नाहीतर हवेच्या गनने नको तितका आवळलेला असतो.

हिशेब सोपा आहे. मारुतीच्या बऱ्याच लहान गाड्यांना चाकाच्या नटाचा पीळ (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क) साधारण ८५ न्यूटन-मीटर लागतो. ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे २९ किलो जोर दिला की तो मिळतो, म्हणजे हाताने चांगला दाबून. त्याच पान्यावर ६० किलोचा माणूस उभा राहिला तर पीळ १७५ च्या वर जातो, पाहिजे त्याच्या दुप्पट. त्यात स्टड (ज्यावर नट चढतो तो बोल्ट) ताणला जातो, आटे मरतात, आणि पुढच्या वेळी स्टडच तुटून हातात येतो.

जाम नट काढताना चाक जमिनीवरच असू द्या. गंज सैल करणारा स्प्रे मारा आणि १५ मिनिटं थांबा. थांबणं महत्त्वाचं, कारण तेल आट्यांत मुरायला वेळ लागतो. मग गोटी पूर्ण आत बसवा, आधी किंचित आवळायच्या दिशेने हिसका द्या आणि नंतर उलटा. गंजाचा थर तुटला की नट सुटतो. तरीही हलेना तर टॉमीवर दोन फुटी लोखंडी पाइप चढवा. पाइप फक्त खोलण्यासाठी, आवळताना कधीच नाही. मारुतीला १९ ची गोटी लागते, ह्युंदाईला २१ ची. गाडीसोबतचा चाकपाना आखूड असतो, म्हणून या मापाची खोल गोटी आणि लांब टॉमी डिकीत ठेवा.

बसवताना नटाची निमुळती बाजू आत. पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवा. पान्याने सुरुवात केली आणि नट तिरका चढला तर आटे गेले म्हणून समजा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर द्या. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. तेलकट आट्यावर तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

टॉर्क रेंच (ठरवलेलाच पीळ देणारा पाना) लागतोच का?

चाकं, स्पार्क प्लग आणि ऑइलचा ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) ही कामं स्वतः करणार असाल तर हो. वापरून झाल्यावर त्याची स्प्रिंग सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवा. त्याने नट खोलू नका.

काळ्या मातीत जॅक रुततो. काय करायचं?

पेटीतलं हे सगळ्यात जोखमीचं काम आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी असते आणि उन्हाळ्यात वरून दगडासारखी दिसली तरी तिला भेगा असतात. कात्री जॅकचा तळ तळहाताएवढा. त्यावर पाव गाडीचं वजन आलं की तो तिरका होत खाली जातो आणि गाडी एका बाजूला सरकते. उपाय म्हणजे एक फूट बाय एक फूट आणि किमान दीड इंच जाडीची लाकडी फळी. सागाचा किंवा बाभळीचा तुकडा सुतार कापून देतो. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर एकत्र ठोकले तरी चालतात. वीट किंवा फरशी ठेवू नका. ती वाकत नाही, एकदम फुटते. पांदणीत चिखल असेल तर जॅक लावायच्या आधीच गाडी हळूहळू कडक जागेवर न्या. टायर खराब झाला तर झाला.

चाक बदलण्याचा क्रम असा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, माणसं उतरवा. जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा. जॅक दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीवर, जिथे दोन खाचा असतात त्यांच्या मध्येच लावा. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो. गाडी थोडी उचलली की स्टेपनी आडवी करून पत्र्याखाली सरकवून द्या. जॅक सटकलाच तर गाडी तिच्यावर टेकेल.

हायड्रॉलिक बाटली जॅक पुष्कळजण घेतात. तो मिटलेल्या अवस्थेतही साधारण १८-२० सेंटिमीटर उंच असतो. लहान गाडीचं टायर बसलं की तो खाली शिरतच नाही. बोलेरोसारख्या उंच गाडीला मात्र उत्तम. लहान गाडीसाठी घरी दोन टनांचा ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) बरा.

गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक पुरेसा नाही. कितीही चांगला असला तरी नाही. हायड्रॉलिक जॅकचं एक रबरी सील फाटलं की गाडी काही क्षणांत खाली येते. दोन स्टँड, ज्यांना मिस्त्री 'घोडी' म्हणतात, विकत घ्या आणि गाडी त्यांच्यावर टेकवा. मग हाताने गाडी जोरात हलवून पाहा. शेणाने सारवलेल्या अंगणात घोडीचे पाय रुततात, त्यामुळे तिथेही फळी हवीच. विटांची थप्पी, दगड, लाकडाचे गोल ओंडके यांच्यावर टेकवलेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. घोडी घेणं होत नसेल तर गाडीखालचं काम गॅरेजात करा.

बाभळीच्या काट्यांनी सारखी पंक्चर होते. ट्यूबलेस किट घरी वापरता येतं का?

येतं, पण फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या भोकाला. टायरच्या बाजूच्या भिंतीला पट्टी टिकत नाही. तो टायर बदलायचाच.

किटमध्ये कानस असलेला टोच्या, सुईसारखा टोच्या, पट्ट्या आणि सोल्युशन असतं. त्यासोबत पक्कड आणि ब्लेड लागतं. काटा कोणत्या कोनात शिरला ते काढतानाच पाहून ठेवा. कानशीचा टोच्या त्याच कोनात आठ-दहा वेळा आतबाहेर करा. पट्टी सुईत मधोमध ओवा, सोल्युशन लावा आणि दोन्ही टोकं बाहेर अर्धा-पाऊण इंच राहतील इतकी आत दाबा. मग सुई न पिळता झटक्यात बाहेर ओढा. हवा भरून थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला नाही तर उरलेली टोकं कापा. बाभळीचा काटा पुष्कळदा आत मोडून राहतो. तो पूर्ण निघाला नाही तर पट्टीलाच कापतो.

हवेचा छोटा १२ व्होल्टचा पंप ठेवाच, कारण हवा नसेल तर किटचा उपयोग नाही. इंजिन चालू ठेवून पंप चालवा आणि दर दहा मिनिटांनी त्याला थंड होऊ द्या. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा काढली, तर सकाळी टायर कमी हवेचं निघतं आणि कमी हवेचं टायरच उन्हात जास्त तापून फुटतं.

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक' होतं. बॅटरी गेली का?

कदाचित नाही. आधी टर्मिनल पाहा. पांढरी-हिरवट पूड जमली असेल किंवा टर्मिनल हाताने फिरत असेल तर दोष तिथेच असू शकतो. १० च्या पान्याने आधी वजा (काळं) टर्मिनल काढा, नंतर अधिक (लाल). बसवताना उलट, आधी लाल. हा क्रम उगीच नाही. गाडीचा सगळा पत्रा वजा बाजूला जोडलेला असतो. काळं लागलेलं असताना लाल खोलायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होईपर्यंत तापतो. खायचा सोडा पाण्यात कालवून पूड धुवा, तारेच्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा आणि बसवल्यावर वरून व्हॅसलीन लावा.

मग मल्टिमीटर. स्वस्तातलाही चालतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना, ते दरवेळी पाहा. १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीला टेकवली तर मीटरच शॉर्ट होऊन जळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धी, १२ ला जवळजवळ रिकामी. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा पाहा. बॅटरी भरलेली असूनही तो १० च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. १२.५ च्या आसपासच राहिलं तर अल्टरनेटर (बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा पाहावा लागेल. नवी बॅटरी घेऊनही ती चार दिवसांत उतरेल.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करायला जाड तांब्याच्या केबल घ्या. बारीक केबल नुसती तापते. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळा चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि शेवटचा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू द्यायची नाही. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी कारला कधीच लावू नका.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये चालतं का?

नाही. बॅटरीत तर अजिबात नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर हे दोनदा सांगायला हवं. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांत गाडी तापायला लागते तेव्हा तोच थर आडवा येतो. पेटीशेजारी तयार मिसळलेल्या कूलंटचा एक लिटर आणि डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन ठेवा. अडल्या वेळी रस्त्यावर कुठलंही पाणी टाकून गाडी घरी आणली तर चालेल, पण नंतर सगळं काढून, धुऊन कूलंट भरा.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली १०० अंशांच्या वरचं पाणी असतं, ते झाकण सैल होताच उसळतं. किमान अर्धा तास थांबा, मग जाड कापड धरून हळू फिरवा.

उंदीर वायर खातात. पेटीत त्यासाठी काय ठेवावं?

फ्यूज, इन्सुलेशन टेप, वायर सोलायची पक्कड, दोन-तीन जाडीच्या वायरचे तुकडे आणि एक टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा दिवा). गाडी कुटाराच्या ढिगाजवळ किंवा कापूस साठवलेल्या खोलीशेजारी उभी असेल तर बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडून पाहा.

पात्याच्या फ्यूजचा रंगच अँपिअर सांगतो: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. त्याच रंगाचा बसवा. फ्यूज पुन्हा उडाला तर मोठा टाकू नका, तार तर मुळीच गुंडाळू नका. कुठेतरी सोललेली वायर पत्र्याला लागलेली आहे आणि फ्यूज गाडीला आगीपासून वाचवतो आहे. वायर नुसती पिळून टेप मारली तर उन्हात टेपचा गोंद सुटतो. डाग द्या (सोल्डर करा) किंवा दाबून बसवायचा जोड वापरा आणि वरून गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

इंजिनचा दिवा लागतो. मोबाइलला जोडायचं ते छोटं यंत्र घ्यावं का?

गेल्या दहाएक वर्षांतली गाडी असेल तर घ्या. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ते बसतं आणि मोबाइलवर दोषाचा कोड दाखवतं. पण कोड म्हणजे लक्षण. 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही. दोष प्लगचा, कॉइलचा की उंदराने कुरतडलेल्या वायरचा, ते आपणच शोधायचं. काम झालं की यंत्र काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका.

बोलेरोसारख्या डिझेल गाडीला वेगळं काय लागतं?

डिझेल फिल्टर खोलायचा पट्ट्याचा पाना, एक जादा फिल्टर आणि पारदर्शक बाटली. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलला पावसाळ्यात पाणी सुटतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून बाटलीत काढलं की पाणी खाली बसलेलं दिसतं. टाकी पूर्ण रिकामी होऊन गाडी बंद पडली तर डिझेल टाकून लगेच सेल्फ मारत बसू नका. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा आणि हवा बाहेर काढा. मगच सेल्फ मारा.

ऑइल घरी बदलावं का?

बदलता येतं, घोडी असतील तर. ड्रेन बोल्टच्या मापाची गोटी, फिल्टर पाना, पाच लिटरचा पसरट डबा, नरसाळं आणि नवीन वायसर लागतं. लहान पेट्रोल इंजिनात साधारण तीन लिटर मावतं. नेमका आकडा आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात पाहा. नेहमीची चूक म्हणजे जुना फिल्टर निघतो आणि त्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरांमधून सगळं ऑइल बाहेर. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा आणि टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा द्या.

काळं ऑइल विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका आणि वाळवीसाठी लाकडांना फासू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

घरी काय करूच नये?

ब्रेकच्या नळ्या, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, एअरबॅग, सीएनजीची टाकी नि नळी, आणि डिझेलचे हाय प्रेशर पाइप. मेळघाटचा घाट उतरायचा असो की भामरागडचा रस्ता धरायचा असो, ब्रेकमध्ये शंका असेल तर गाडी घरीच उभी करा. ब्रेक ऑइलची पातळी पाहणं मात्र आपलं काम. ती हळूहळू उतरते ती पॅड झिजल्याने, एकदम उतरली तर गळती आहे.

ही सगळी पेटी डिकीतच ठेवायची का?

नाही. डिकीत जॅक, फळी, १९ किंवा २१ ची गोटी आणि टॉमी, पंक्चर किट, हवेचा पंप, १०-१२-१४ चे पाने, पक्कड, पेचकस, फ्यूज, टेप, जम्पर केबल, डोक्याची बॅटरी नि एक जुनं पोतं एवढं पुरतं. पोत्यात गुंडाळलं की हत्यारं खडखडत नाहीत, आणि चिखलात बसायला तेच पोतं कामी येतं. बाकीची पेटी घरी. जुलै लागला की पान्यांवरून ऑइलचं फडकं फिरवा.

स्प्रेचे डबे मात्र उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. त्यांच्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नये असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत पारा त्याच्या वर सहज जातो. गंजाचा स्प्रे, पंक्चरचा फेस आणि लिथियम बॅटरीचा जम्प स्टार्टर, तिन्ही होळीनंतर घरात, सावलीत ठेवा.